फासा थांबायच्या आत

चौदा महिन्यांत एकदाही नाही. तपासनीसाने वहीची पानं मागेपुढे केली, बोट ओलं करून एकेक रकाना पुन्हा पाहिला, पण उत्तर तेच. गॅरेजवाल्याला अठ्ठेचाळीस वेळा लागलं होतं, त्याला स्वतःला एकोणचाळीस वेळा, आणि बायकोच्या नावापुढे शून्य. इतकं स्वच्छ शून्य त्याने बावीस वर्षांच्या नोकरीत फक्त खोट्या अहवालांत पाहिलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

लागणं म्हणजे खरं लागणं नव्हे. दर शनिवारी दुपारी चौघं जण तपासनीसाच्या धाकट्या बहिणीच्या घरी जमायचे आणि टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचे. बहीण शाळेत भूगोल शिकवायची, नकाशे काढणं तिच्या हातचा मळ, म्हणून ती सूत्रधार. ती सांगायची, तुम्ही एका ओल्या भुयारात आहात, समोर तीन डोळ्यांचं काहीतरी गुरगुरतंय, बोला आता. मग ज्याने त्याने आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. राक्षसांच्या वतीने बहीण फासा टाकायची, तोही पुठ्ठ्याच्या आडोशामागे, म्हणजे बाकीच्यांना नुसता खडखडाट ऐकू यायचा. मोठा आकडा पडला की वार बसला, लहान पडला की हुकला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार माणसांची तोंडं, बाकी सामान काही लागत नव्हतं.

बायकोचं पात्र होतं तलवारवाली. गॅरेजवाला, म्हणजे बहिणीच्या खालच्या मजल्यावरचा शेजारी, तो घण घेऊन फिरणारा एक बुटका दांडगट चालवायचा. आणि तपासनीस होता मांत्रिक. आता मांत्रिक म्हटलं की कुणालाही वाटेल, आगीचे गोळे फेकत असेल, विजा पाडत असेल. छे! या गृहस्थाने चौदा महिन्यांत एक ठिणगीसुद्धा पाडली नव्हती. त्याच्या पानावर होते ते सगळे बचावाचे मंत्र. अदृश्य ढाल, जी दहा पावलांच्या आतल्या कुणाच्याही पुढे उभी करता येते. राखेचं रिंगण, ज्याच्या आत काही शिरत नाही. मंत्रतोड, जो दुसऱ्याचा मंत्र त्याच्या तोंडातच मोडतो. आणि प्राणरोध, जो मरणाऱ्याचा शेवटचा श्वास धरून ठेवतो. गॅरेजवाल्याने या मांत्रिकाचं नाव कासव ठेवलं होतं.

"साहेब, एक जाळ टाकला असतात तर तिघे जागच्या जागी मेले असते," गॅरेजवाला दर शनिवारी म्हणायचा. "मेलेला राक्षस चावत नाही. याहून मोठी ढाल कुठली?"

"आणि जाळ हुकला तर?" तपासनीस म्हणायचा. "हुकला की वाया. ढालीचं तसं नाही. समोरून काय येतंय ते माहीत नसलं तरी ढाल चालते."

"आणि काहीच नाही आलं तर? संध्याकाळी उरलेले मंत्र घालायचे कुठे?"

"उरले तर उरले. लागला नाही म्हणून कुणी गाडीचा ब्रेक काढून ठेवतं का?"

ब्रेकचं नाव निघालं की गॅरेजवाला गप्प व्हायचा, कारण त्याचंही पोट त्यावरच होतं. पण पुढच्या शनिवारी वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दोघांनाही त्यात मजा यायची, हे दोघांनीही कधी कबूल केलं नाही.

तपासनीस नोकरीत लिफ्ट तपासायचा. इमारतीमागून इमारती पालथ्या घालायच्या, दोर पाहायचे, दारांची कुलपं पाहायची, खालच्या खड्ड्यात उतरून बॅटरी मारायची, लोखंडी वजनं भरून लिफ्ट वरखाली करायची आणि मग सही करायची. बहिणीच्या इमारतीच्या लिफ्टवर त्याचीच सही होती, आणि तरी तो पाच मजले चालत चढायचा. बायकोलाही चालवायचा. सही केली म्हणजे विश्वास ठेवला असं थोडंच आहे, असं त्याचं म्हणणं. अशा माणसाच्या हाती कोरी वही आली की तो तीत दोषांचे रकाने आखणारच. खेळाच्या दुसऱ्याच शनिवारी त्याने ते आखले. तारीख, कुणाला लागलं, किती लागलं. जेवढं बिघडलं तेवढंच लिहायचं. जे ठीक चाललं ते लिहून ठेवायची तपासणीत पद्धतच नव्हती.

तर आता हे शून्य. पहिला संशय फाशावर.

बहिणीचा हिरवा फासा त्याने एका शनिवारी 'चुकून' खिशात टाकला आणि घरी आणला. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, फासा तरंगेपर्यंत त्यात मीठ घातलं, आणि पेन्सिलीने ढोसून ढोसून फासा गरगर फिरवायला लागला. फाशाची एखादी बाजू जड असेल तर ती दर वेळी खाली जाते आणि तिच्या समोरचा आकडा दर वेळी वर येतो. तीस वेळा ढोसून झालं होतं तेव्हा बायको स्वयंपाकघरात आली.

"काय करतोयस?"

"गुळण्या."

"फासा घालून?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, मिठाची बरणी जागेवर ठेवली आणि निघून गेली. तिने पुढे काही विचारलं नाही, हेसुद्धा त्याला संशयास्पद वाटलं.

फासा निर्दोष निघाला. साठ वेळा ढोसला तरी कुठलाही आकडा लाडका असल्याचं दिसेना. फासा प्रामाणिक म्हणजे माणूस अप्रामाणिक, हा हिशोब सरळ होता. फासा पडतो पुठ्ठ्यामागे, आकडा वाचते बहीण. आता नणंद-भावजयींचं एकमेकींशी पटत नाही असं लोक म्हणतात, पण या दोघींचं इतकं गूळपीठ होतं की बाजारात भेटल्या तर अर्धा तास हलायच्या नाहीत, आणि तपासनीस पिशव्या धरून उभा. वहिनीवर पडलेला एकोणीस बहिणीच्या तोंडून चार म्हणून बाहेर पडत नसेल कशावरून? तो आठवायला लागला आणि त्याला सगळंच आठवायला लागलं. दोघी चहा करायला एकदमच उठायच्या. चहाला दोन माणसं कशाला लागतात?

शिवाय चिठ्ठ्या होत्या. पात्राला गुपचूप काही करायचं असेल तर ते चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं, अशी या टेबलाची रीत होती. सूत्रधार ती वाचणार, पुन्हा डब्यात टाकणार, आणि खेळ संपला की सगळ्या चिठ्ठ्या फाडणार. गॅरेजवाला महिन्यातून एकदा लिहायचा, 'राक्षसाचा खिसा कापतो'. बायको मात्र गेले दोन महिने दर शनिवारी चिठ्ठी टाकत होती, आणि तिची तलवारवाली गुपचूप म्हणून काही करताना कधी दिसली नव्हती. तपासनीसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

म्हणून पुढच्या शनिवारी दोघी चहाला उठल्या आणि गॅरेजवाला गॅलरीत जाऊन कुणाला तरी क्लचबद्दल फोनवर झापायला लागला, तेव्हा तपासनीसाने हळूच डबा ओढला. चिठ्ठी एकच होती. अक्षर बायकोचं.

'आज आधी त्याची ढाल उतरव. मला एकदा तरी लागू दे. पुढच्या सोमवारचं त्याला अजून सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.'

त्याने ती दोनदा वाचली, घडीवर घडी जुळवून परत टाकली आणि डबा होता तिथे सरकवला. सख्खी बहीण आणि सख्खी बायको! आणि सोमवारचं म्हणजे कसलं?

खेळ पुन्हा सुरू झाला. बहिणीने भुयाराच्या कोपऱ्यातून एक शापवाला बाहेर काढला आणि तो नेमका मांत्रिकाकडे वळला, ढाल उतरवणारा शाप पुटपुटत. तपासनीस तयारच होता. "मंत्रतोड!" तो गरजला, आणि शाप शापवाल्याच्या घशातच राहिला. पाठोपाठ एक भालेवाला तलवारवालीवर धावला. पुठ्ठ्यामागे फासा खडखडला. बचावाचा मंत्र खडखडाट थांबायच्या आत बोलला तरच लागू, असा नियम होता, आणि या बाबतीत तपासनीसाची जीभ म्हणजे वीज. "ढाल!" बायकोने पेन्सिल टेबलावर टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तपासनीसाला वाटलं, डाव फसला म्हणून चडफडतेय.

सोमवारला नऊ दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून तो डोळ्यांत तेल घालून बायकोवर लक्ष ठेवायला लागला.

रविवारी त्याने स्टुलावर चढून माळ्यावरच्या बॅगेवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही. मंगळवारी तिच्या चपलांना नवे तळ लागलेले दिसले. बुधवारी ती भांडी घासताना गुणगुणत होती आणि तो आला तशी थांबली. गुरुवारी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सोमवारी काय विशेष?" ती म्हणाली, "सोमवारी? सोमवार." आणि भाताचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. बाईने ताकास तूर लागू दिली नाही. त्या रात्री तो छताकडे बघत पडून राहिला आणि ती शेजारी गाढ झोपली होती, याचाही त्याला राग आला.

शुक्रवारी ती अंघोळीला गेल्यावर त्याने तिची पिशवी उघडली. आपण हे काय करतोय, असं क्षणभर वाटलं त्याला. पण खड्ड्यात उतरल्याशिवाय तपासणी होत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं एक पत्र होतं.

बायको कृत्रिम पाय बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. पाय गमावलेल्या माणसाच्या मांडीचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून मांडी बसेल अशी खोबण घडवायची, माणूस उभा राहीपर्यंत घासत, जुळवत राहायचं. तिच्या नखांतलं प्लास्टर कधी पूर्ण निघायचं नाही. पत्र दुसऱ्या शहरातल्या मोठ्या केंद्राचं होतं. लहान मुलांच्या गुडघ्याचे सांधे बनवण्याचं सहा महिन्यांचं शिक्षण, राहण्याची सोय केंद्रातच. 'आपली संमती मिळाली. सोमवारी हजर व्हावे.' संमतीची तारीख दोन महिन्यांपूर्वीची. चिठ्ठ्या सुरू झाल्या तेव्हाची.

तपासनीस पलंगावर बसला. अगदी असंच पत्र दोन वर्षांपूर्वी आलं होतं. तेव्हा तिने ते दारातूनच नाचवत आणलं होतं. मग त्याने चौकशी केली. वसतिगृह चौथ्या मजल्यावर, लिफ्ट जुनी, तिच्या दाराचं कुलूप दोनदा बिघडलेलं, हे ओळखीतून काढलं. तिथलं पाणी जड, केंद्रापर्यंतचा रस्ता अंधारा, आणि तिला लहानपणापासून खोकल्याचा त्रास. दर जेवणाला एक मुद्दा, असे चार दिवस. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "राहू दे मग." नकाराचं पत्र त्यानेच लिहून दिलं, कारण त्याची पत्राची भाषा चांगली. तिने सही केली. आपण बायकोला एका मोठ्या त्रासातून वाचवलं, असं त्याला दोन वर्षं मनापासून वाटत आलं होतं.

आता तीच बाई पाठीमागून निघाली होती. आणि सख्ख्या बहिणीला सगळं माहीत होतं! त्याचं डोकं तापलं. त्याने ठरवलं, उद्या टेबलावरच पंचनामा करायचा, गॅरेजवाल्याच्या साक्षीने.

शनिवारी त्याने दोन्ही वह्या काखेत मारल्या. एक दोषांची, कुणाला किती लागलं ती. दुसरी मंत्रांच्या खर्चाची, कारण मांत्रिकाचं बळ दर शनिवारी मोजकंच असतं आणि कुठला मंत्र कधी वापरला ते टिपलं नाही तर भांडणं होतात. इमारतीत शिरल्यावर तो जिन्याकडे वळला, आणि बायकोने त्याच्या डोळ्यांदेखत लिफ्टचं बटण दाबलं. "पाय दुखताहेत," ती म्हणाली. तो पाच मजले एकटा चढला, दर मजल्यावर जास्त चिडत.

चहा व्हायच्या आधीच त्याने पहिली वही टेबलावर आपटली.

"चौदा महिने," तो बहिणीला म्हणाला. "तुझ्या वहिनीला एकदाही लागलेलं नाही. खुलासा कर."

"दादा, तू हे मोजत होतास?"

"मला अठ्ठेचाळीस?" गॅरेजवाल्याने वही स्वतःकडे ओढली. "अरे देवा. तरीच म्हटलं आमचा बुटका सदा लंगडत का असतो."

"आकडे फिरवतेस तू पुठ्ठ्यामागे. आणि चिठ्ठ्यांमधून दोघी मिळून ठरवता. मी वाचलीय."

बायको आणि बहीण एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग बहिणीने हात पुढे केला. "ती दुसरी वही दे. दे म्हणते ना! खर्चाची."

त्याने दिली. बहिणीने ती गॅरेजवाल्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही वाचा. नाहीतर हा म्हणेल मी फिरवलं."

गॅरेजवाल्याने चष्मा लावला. "ढाल, तलवारवालीपुढे. ढाल, तलवारवालीपुढे. रिंगण, तलवारवालीभोवती. ढाल, तलवारवालीपुढे..." त्याचा आवाज आधी मजेत होता, दुसऱ्या पानावर तो जरा बसला, तिसऱ्या पानावर त्याने वाचणं थांबवून नुसत्या बोटाने मोजायला सुरुवात केली. शेवटी तो म्हणाला, "सत्तावन्न."

"सत्तावन्न वेळा मी वहिनीवर वार केलाय," बहीण म्हणाली. "त्यातले हुकले असते किती, बसले असते किती, मला ठाऊक नाही, कारण आकडा वाचायची वेळच आली नाही. सगळे तू अडवलेस. फासा थांबायच्या आत."

तपासनीसाने दोन्ही वह्यांकडे पाहिलं. दोन्हींतलं अक्षर त्याचं होतं. पण त्या त्याने कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. एकीत दोष, एकीत खर्च, आणि ऑफिसातही या दोन गोष्टी दोन वेगळ्या कपाटांत असायच्या. तो थोडा ओशाळला. पण लगेचच त्याची छाती फुगली.

"मग तक्रार कसली?" तो म्हणाला. "बचावाचे मंत्र कामाचे असतात, हेच सिद्ध झालं की! सत्तावन्नपैकी सत्तावन्न! आणि मला कासव म्हणता!"

"कामाचे आहेतच रे," बायको पहिल्यांदाच बोलली. "मी कुठे नाही म्हणतेय? पण दर वेळी मी पुढे होते, तलवार उपसते, आणि तू ओरडतोस. मग राक्षस तुझ्याकडे वळतो, तू आणि बुटका लढता, आणि मी बघत बसते. चौदा महिने मी नुसती बघतेय."

"म्हणून माझी ढाल उतरवायला सांगितलीस हिला?"

"तुला सांगून पाहिलं होतं. तीनदा. तू म्हणालास, गंमत करतेस."

हे खरं होतं. त्याला ते आठवलंही. पण त्याच्या हातात हुकमाचं पान होतं आणि ते टाकल्याशिवाय त्याला चैन पडेना.

"आणि सोमवार?" तो म्हणाला. "सहा महिने! ते पत्र काय माझ्यापासून लपवायचं होतं? मी कोण आहे तुझा, वॉचमन?"

बायकोचा चेहरा उतरला. "पिशवी उघडलीस माझी."

"तू सांगणार कधी होतीस?"

"उद्या."

"उद्या! एक दिवस आधी!"

"दोन महिने आधी सांगितलं असतं तर तू पत्र लिहून दिलं असतंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "मागच्यासारखं. अक्षर तुझं, सही माझी."

गॅरेजवाला उठून गॅलरीत जाऊ लागला, पण फोन वाजलेला नसल्यामुळे त्याला कारण सापडेना आणि तो परत बसला. बहीण फाशांची थैली चाळवत होती. तपासनीस म्हणाला, "मी तुझ्या भल्यासाठीच केलं होतं ते." त्याला खरोखर तसंच म्हणायचं होतं.

"माहितेय. म्हणून तर सही केली. तू वाईट असतास तर मी तेव्हाच गेले असते."

मग बहिणीने विचारलं, "खेळायचंय, की घरी जायचंय? दोन्ही चालेल मला."

"खेळायचंय," बायको म्हणाली. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

दरीवर दोरांचा पूल होता. पलीकडे, म्हणे, गदा घेतलेला एक दैत्य उभा. तलवारवाली सगळ्यांच्या पुढे पुलावर गेली, बुटका तिच्यामागे आणि मांत्रिक शेवटी, दहा पावलांच्या आत. दैत्याने गदा उचलली. पुठ्ठ्यामागे फासा खडखडला.

शब्द तपासनीसाच्या जिभेवर आला होता. अगदी दातांपर्यंत. आणि त्याने तो गिळला. मोठ्या मनाने नव्हे. खरं सांगायचं तर निव्वळ रागाने. हवंय ना लागायला? लागू दे. कळू दे एकदा. खडखडाट थांबला आणि टेबलावरच्या चारही माणसांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे त्यानेही स्वतःकडे पाहिल्यासारखंच ते होतं.

बहिणीने पुठ्ठा बाजूला केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी केला. हिरव्या फाशावर वीस होतं. विसाचा वार दुप्पट बसतो.

"वहिनी, चिलखत कुठलं घातलंय?"

बायकोने आपलं पान पाहिलं. तलवारीचे सगळे डाव तिथे बारीक अक्षरात भरलेले होते, चौदा महिन्यांत शिकलेले. चिलखताची चौकट कोरी. "घातलेलंच नाही," ती म्हणाली. "कधी लागलंच नाही."

"मग पडली," बहीण हळूच म्हणाली. "एका फटक्यात. पुलाच्या फळ्यांवर, शुद्ध हरपलेली."

"बघ!" तपासनीस उभाच राहिला. आवाज इतका मोठा निघाला की गॅलरीतलं पाखरू उडालं. "बघितलंस? एकदा, फक्त एकदा मी ढाल टाकली नाही, तर काय झालं बघ!"

"बघितलं," बायको म्हणाली. "चौदा महिने तलवार घेऊन फिरतेय आणि मला एक वार झेलता येत नाही. म्हणूनच जातेय."

तपासनीस उभा होता तो तसाच राहिला. बसावं की नाही ते त्याला सुचेना.

"ती अजून मेलेली नाही," बहीण म्हणाली. "नियमाने आता फासा तिचा. दहा किंवा त्याच्या वर पडलं तर उठेल. खाली पडलं तर संपलं."

"साहेब, प्राणरोध!" गॅरेजवाला पुढे वाकला. "आहे ना तुमच्याकडे? टाका की! एवढा जपून ठेवलाय, तो कधीसाठी? आज मीच सांगतोय, कासव व्हा!"

होता. पानावर होता, न वापरलेला, आणि याच क्षणासाठी केलेला. बायकोने त्याच्याकडे मान वळवली नव्हती. तिने हिरवा फासा मुठीत घेतला होता आणि मूठ हलवत होती, प्लास्टरने भरलेल्या नखांची मूठ. ती घाबरली होती, ते दिसत होतं. आणि ती खूश होती, तेही दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी पत्र नाचवत दारातून आली होती, त्यानंतर हा चेहरा त्याने पाहिला नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि तेव्हा त्याला आपली भीती नीट ओळखता आली. तिला तिकडे काही होईल, ही ती भीती नव्हतीच. रस्ता अंधारा असेल, पाणी जड असेल, लिफ्ट अडकेल, आणि तरीही तिला काहीच होणार नाही. त्याच्यावाचून तिचं काही अडणार नाही. गेले काही आठवडे त्याने फाशावर संशय घेतला, बहिणीवर घेतला, बायकोच्या चपलांवरसुद्धा घेतला, आणि खरा संशय हा होता.

गॅरेजवाला हाताने खुणावत होता, बोला, बोला.

"गाडी किती वाजताची आहे?" तपासनीसाने विचारलं.

बायकोची मूठ थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून, यात काही खोच आहे का हे तपासत.

"सव्वासातची," ती म्हणाली. "आता बोलू नकोस, फासा टाकतेय." आणि तिने टाकला.